मिनिटाला वीस थेंब

वीस थेंबांचा एक मिली.
झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.
एकतीस वर्षं म्युनिसिपालिटीच्या वॉर्डात
एक डोळा घड्याळाच्या काट्यावर, एक थेंबावर;
ही सवय रिटायर होत नाही.

म्हणून भांडुपच्या आमच्या गच्चीवर
अकरा वांगी
सलाइनवर आहेत.

सेट कोरेच हं, फक्त तारीख उलटलेले.
प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊकवाल्याने किलोवर दिले.
वापरलेलं मी आणणार नाही, सांगून ठेवते.

पहिल्या वर्षी बादलीनेच ओतायचे.
उन्हाने मातीचं तोंड भाजलेलं, पाणी गिळवेना तिला,
कुंडीच्या कडेकडेने ते खाली, आणि खालून
सातशे दोनच्या छतात.
हडकर सेक्रेटरी वर आले,
मोबाइलमध्ये ओलीचा फोटो,
ओल श्रीलंकेच्या आकाराची.
‘सिस्टर, बाजारात वांगी मिळतात हो.’
मी काही बोलले नाही.
ओल खरी होती.

मग रसवंतीवरून उसाची चिपाडं आणली, पसरली.
तिसऱ्या दिवशी भांडुपच्या सगळ्या मुंग्या
आमच्याकडे पाहुण्या.
चिपाडं गेली.
मग कुंजुमोनकडची शहाळ्याची सोडणं,
कोयत्याने फोडून, बोटांनी पिंजून.
त्यावर गेटजवळच्या झाडाची वाळकी पानं.
शेवंताबाईंनी झाडू थांबवला.
कचरा मागून नेणारी बाई
त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

चार बोटं जाड थर.
खोडाला भिडवायचा मात्र नाही;
प्लास्टर घालताना बोटांची टोकं
उघडी ठेवतो ना आपण,
तेवढी जागा सोडायची.

पाणी पहाटे चार चाळीसला येतं.
निळा ड्रम भरते. ड्रममधून अकरा नळ्या,
अकरा चाक्या.
मिनिटाला वीस.
मे महिन्यात तीस.
पाण्यात कण असतात, मध्येच एखादी अडते,
मग नळीला टिचकी.
या बोटांनी आयुष्यभर टिचक्याच मारल्या.

पेशंट निदान म्हणतो, सिस्टर, थंडी वाजतेय.
वांगं काही म्हणत नाही.
दुपारी पानं टाकून देतं, त्या नाटकाला भुलू नये,
संध्याकाळी उभं राहतं.
संध्याकाळीही पडलेलंच असेल
तेव्हा घाबरायचं.
नाहीतर पानं बाजूला सारून बोट खुपसावं.
बारा वाजता टाइल्सवर चप्पल चिकटते,
आणि इथे, दोन पेरं खाली,
गार. काळं. आणि एक गांडूळ.
सातव्या मजल्याच्या वर ते कसं आलं,
कोणी विचारलं तर सांगते, लिफ्टने.

छत आता कोरडं आहे.
हडकरांनी कुंडीखाली हात फिरवून पाहिला,
मग हात हुंगला,
आणि ‘पावसानंतर बघू’ म्हणाले.

वैशाखात भाचीचं लग्न निघालं, सावंतवाडीला.
चार दिवस.
ड्रम काठोकाठ भरला, चाक्या पंधरावर आणल्या,
हिशेब बरोबर बसत होता.
तरी गाडीत पेणपर्यंत
मनातल्या मनात मोजत होते.

परत आले. बॅग न ठेवताच वर.
अकराही उभी.
ड्रमच्या तोटीला सुतळीने बांधलेला
सोसायटीच्या पावतीबुकातला कागद,
त्याच्या पाठीवर:

मंगळ. स. ७ — पंधरा.
मंगळ. रा. ९ — चौदा. चारनंबर अडला होता, टिचकी मारली.
बुध. स. ७ — अकरा. पाणी उतरल्यावर जोर कमी होतो वाटतं.
चाकी थोडी सोडली. बरोबर ना?
गुरु. — ड्रममध्ये दोन बादल्या घातल्या. आमच्या.

आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात:
एक वांगं काढलं.
लहानच होतं.

चार्ट चोख होता.
फक्त खाली सही नव्हती.