कुसवावरची खूण

मुहर्रकच्या जुन्या कचेरीचं दार
चौघांनी मिळून उतरवलं, चौकटीसकट.
बिजागरी नाहीच; वर-खाली लाकडाचेच खुंट,
दगडाच्या वाटीत वर्षानुवर्षं फिरून
वाटी आरशासारखी झालेली.

सलमीन, इथला रखवालदार, म्हणाला, जपून, उस्ताद.
मोठ्या दारात कापलेल्या या लहानग्या दिंडीतून
वाकूनच आत जायचे सगळे:
मोत्यांचे व्यापारी, कर्जात बुडालेले पाणबुडे,
गलबत कुणाचं यावर भांडणारे दोन भाऊ.
शेखसुद्धा वाकायचा का, मी विचारलं.
तो हसला. उंची बघून, म्हणाला.

राज्य इथून चालायचं म्हणजे किती जागेतून?
मी टेप लावला. नऊ फूट दोन इंच.
लांबी हवी तेवढी, पण रुंदी सगळीकडे तेवढीच,
न्यायाची खोली, खजिन्याची, पाहुण्यांची,
कारण आफ्रिकेच्या खाड्यांतून येणारा चंदलाचा वासा
तेवढाच लांब यायचा.
मुनीरा, आमची इंजिनीयर, नकाशावर हेच लिहीत होती.
मी मनात म्हटलं, बरं झालं,
सत्तेला कुणीतरी सांगायला हवं
की बाई गं, वासा संपला.

भिंती समुद्राच्या. ओहोटीला उपटलेला पोवळ्याचा दगड,
वर गच; नखाने खरवडलं तर शिंपल्याची कड लागते.
खार अजून बाहेर येतो,
दर उन्हाळ्यात पोपडे धरून.
बादगीर तेवढा शाबूत. चारी तोंडांनी वारा पकडून
खाली सोडतो, रिकाम्या बैठकीवर.
तिथे आता अर्जदार नाहीत, कारकून नाही,
सरकार केव्हाच पुलापलीकडे काचेत राहायला गेलं.
वाऱ्याला कुणी कळवलं नाही.

चौकट घोडीवर आडवी ठेवली.
डावा पाय सैल होता, ठोकून काढला
आणि कुसू बाहेर आलं:
इतकी वर्षं कुणी न बघितलेलं, लोण्याच्या रंगाचं लाकूड,
नुकताच रंधा मारल्यासारखं.
त्यावर पटाशीच्या टोकाने कोरलेलं:
३

आमच्या शिरोड्याला असंच कोरतात. जोडणीची खूण.
तीनचं कुसू तीनच्या खाचेत,
नाहीतर अंगणात जुळलेलं दार
परमुलखात जाऊन रुसतं.
शेजारी एक अक्षर होतं, वाळवीने अर्धं नेलेलं.
'डावा'मधला 'डा' असावा.
साग आपल्याकडचा, हे ठाऊक होतं.
हातही?

अरे, मी म्हटलं, हे मराठी आहे.
सलमीन माझ्या उजव्या हाताला, चौकटीच्या टोकाशी उभा.
त्याने तिथूनच वाचलं, सलासा.
तीन. आमचं आहे, माझे आजोबा असंच लिहायचे.
मी त्याच्या बाजूला जाऊन बघितलं.
आडवा झालेला माझा तीन
तिथून अरबी तीन होता, देठासकट.
मग तो माझ्या जागी आला, बघितलं,
आणि तोही गप्प.

मुनीराने फोटो घेतला, तक्त्यात भरलं:
खूण, तीन. लिपी, अनिश्चित.
पेन तसंच धरून विचारलं, उस्ताद, तुमचं मत?

मी वाळवीच्या भोकावर फुंकर मारली.
भुसा उडाला.
अक्षर काही उगवलं नाही.

दुपारी खाच साफ केली.
सरस लावला नाही, आधी कुणी लावला नव्हता.
कुसू तोंडाशी धरलं, लाकडी हातोडीने दोन ठोके,
अजून एक, हलका,
आणि ते गेलं आपल्या अंधारात.

संध्याकाळी दार पुन्हा दगडी वाटीत बसलं.
कुरकुरलं नाही.
सलमीनने दिंडी ढकलली, वाकला, आत गेला,
पलीकडून त्याचा आवाज आला:
ये.
डोकं सांभाळ.