पाण्याची गोळी

हिऊमा बेटावर मी मार्चमध्ये उतरले
तेव्हा समुद्र काठाशी अजून गोठलेला,
आणि माझ्या पिशवीत छत्तीस प्रश्न
तार्तूहून छापून आणलेले,
प्रत्येकाखाली पाच चौकटी,
"अजिबात नाही"पासून "पुरेपूर"पर्यंत.

काल्यूनं दार उघडलं. वय एक्याऐंशी.
माझ्या यादीत क्रमांक एकेचाळीस.
टेबलावर राईचा पाव कापून ठेवलेला
आणि शेजारी, मी मागितली नसताना,
सगळी कागदपत्रं
गमबुटांच्या रिकाम्या खोक्यात.

हृदयाचे डॉक्टर ताल्लिनला.
मूत्रपिंडाच्या बाई त्याच इमारतीत,
पण वरच्या मजल्यावर, आणि वेगळ्या वारी.
डोळे तिसरीकडे. गुडघा प्रतीक्षायादीत.
साखर तेवढी इथंच, बेटावर.
"जो तो आपापला तुकडा नीट सांभाळतो," तो म्हणाला,
"मधली शिवण मी."

प्रश्न सातवा.
उपचार ठरवताना तुम्हाला विचारलं जातं का?

तो खिडकीबाहेर बघत राहिला.
कुंपणावर जाळं वाळत होतं,
त्यात एक पान अडकलेलं, गेल्या वर्षीचं.
मग भलतंच बोलू लागला:
हेइनो, माझा भाऊ, पलीकडे हापसालूला.
बोट सव्वा तासाची, ती सोपी.
पण बंदरापर्यंत बस, पाऊण तास,
मध्ये नुसतं पाइनचं रान,
आणि सकाळची ती पाण्याची गोळी
उठवते, बसू देत नाही, परत उठवते.
ड्रायव्हर ओळखीचा. दोनदा थांबला माझ्यासाठी.
सगळी बस खिडकीतून दुसरीकडे बघत होती.
तिसऱ्यांदा मी गेलोच नाही.
दोन वर्षं झाली त्याला.

"मग कुठली चौकट?" मी विचारलं.
विचारलं खरं.
अजून रात्री कधी आठवतं, आणि कान तापतात.

तेवढ्यात पिरेत आली, गावची नर्स,
सायकल भिंतीला टेकवून, कोट न काढता.
तिनं ऐकलं. फोन लावला.
अकरा मिनिटं तिकडचं संगीत वाजत राहिलं,
आम्ही तिघं पाव खात राहिलो.
हृदय म्हणालं: त्या दिवशी दुपारी घ्या, पोचल्यावर. चालेल की.
मूत्रपिंड म्हणालं: चालेल. आम्हाला कुणी विचारलंच नाही.

आमच्या अहवालात यासाठी एक शब्द आहे,
इतका लांब की ओळीच्या टोकाला मोडावा लागतो.
मी तो पिरेतला सांगितला.
"अस्सं," ती म्हणाली,
आणि सायकलची साखळी बसवू लागली.

जूनमध्ये दुसऱ्या फेरीला गेले.
दाराला कुलूप. कुंपणावर जाळं नाही.
तीनदा जायचं असा नियम, तीनदा गेले.
शेवटी शेजारीण ओरडली, बटाट्याच्या वाफ्यातूनच:
गुरुवारच्या बोटीनं गेलाय तो,
धुरावलेले मासे घेऊन, भावाकडे.
कधी येणार? कोण जाणे. सांगून नाही गेला.

एकेचाळिसाव्या ओळीत मी नोंद केली,
नियमाप्रमाणे, जाड अक्षरात:
पाठपुरावा तुटला.
संशोधनाचं नुकसान, एक.

आणि समासात पेन्सिलीनं,
खोडता येईल इतकं हलकं,
गुरुवारच्या बोटीची वेळ.