मुंग्यांचा दाखला

शारजा, इंडस्ट्रियल एरिया तेरा,
गाळा नंबर सत्तावीस.
डबे समुद्रावरून येतात
आणि मी त्यांना अरबी नेसवतो.

आडनाव मुकादम, हुद्दा हेल्पर.
हर्णैच्या मदरशात हरफ ओळखायला शिकलो,
अर्थ कुणी शिकवला नाही,
मीही विचारला नाही.
ते आता कामाला आलं:
स्टिकर उलटा लागला
तर अख्ख्या पाळीत मलाच तेवढं कळतं.

डब्यावर हिरवं पान, पानावर थेंब.
पाठीमागे बारीक इंग्रजी,
एरिथ्रिटॉल, माल्टोडेक्स्ट्रिन,
आणि सगळ्यात शेवटी तेच पान,
औषधापुरतं, एक टक्का.
माझा स्टिकर नेमका तिथे बसतो.
त्यावर एकच शब्द मोठा: तबीई.

मिसरचा ड्रायव्हर रमझी, त्याला विचारलं.
म्हणाला, तबीई म्हणजे नैसर्गिक.
मग सिगारेट विझवत म्हणाला,
आणि तबीई म्हणजे,
त्यात काय, चालायचंच.

दिवसाला तीन हजार वेळा
मी चालायचंच चिकटवतो.

मागच्या शुक्रवारी रोल्याच्या सुपरमार्केटात
एक बाई, आपल्याकडचीच,
नखानं स्टिकर खरवडत उभी.
फोनवर नवऱ्याला सांगत होती,
"अहो, नैसर्गिक तर धोतराही असतो!"
अर्धा शब्द तिच्या नखात गेला,
उरलेला अर्धा डब्याला धरून बसला.
सांगावंसं वाटलं, बाई, पाण्यात भिजवा,
अलगद निघतो, खालचं अक्षर पुसत नाही.
नाही बोललो.
टोपीवर कंपनीचं नाव होतं.

एक चेपलेला डबा कॅम्पवर आणला.
इक्बाल चौगुले म्हणाला, मुंग्यांना विचार.
खिडकीत दोन चिमट्या ठेवल्या,
एक साखरेची, एक पानवाली.
सकाळी साखर नाही.
पानवालीला मात्र मुंग्यांनी वळसा घातलेला,
उसने मागणाऱ्याच्या दाराला
माणसं घालतात तसा.
"बघ! खोटं!" इक्बाल ओरडला.
खोलीतल्या आठही जणांनी मान डोलावली.
मी म्हटलं, मुंगी म्हणजे काय म्युनिसिपालटी?
सब्जाच्या पानालाही मुंगी लागत नाही.
म्हणून सब्जा खोटा?
त्यावर कुणी बोललं नाही.
मलाही माझं म्हणणं पटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात
संडासाच्या खोलीत, चार नंबरच्या मोरीपाशी,
काळी, घाईची रांग.
मी उठलो होतो तिथेच.
दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी
मी आधी इकडेतिकडे पाहिलं,
मग खाली.

कारखाना नाही, डबा नाही,
हिरवं पान नाही, थेंब नाही,
तरी त्यांनी मला ओळखलं.
वळसा घातला नाही.

दवाखान्यात बोट टोचलं:
तीनशे बारा.
डॉक्टर चांगला होता, घाईत होता.
"साखर बंद. अगदीच वाटलं तर
ते पानाचं मिळतं ना, ते घ्या.
नैसर्गिक असतं."

अठ्ठावीस दिरहम.
ओळीतला तिसरा डबा उचलला,
स्टिकर किंचित डावीकडे कललेला.
माझाच हात.
त्या सोमवारी पाठ धरली होती.

रात्री वाटीभर पाणी घेतलं,
डबा टेकवून ठेवला,
आणि तो सुटायच्या आतच
चहात एक चमचा टाकून प्यालो.
गोड होता.
आधी गोड, मग जिभेच्या मागे काहीतरी गार,
सही करून कुणी निघून जावं तसं.

तेवढ्यात झुलेखाचा फोन.
पोरीची फी भरली, पंपाची मोटर जळली,
आणि मग, नेहमीसारखं,
तुमची तब्येत कशी आहे?

वाटीत कागद वर आला होता.

तबीई, मी म्हटलं.

म्हणजे?