इतिवृत्त

विषय : हरितांगण एनर्जी यांच्या दुसऱ्या चिमणीबाबत
जनसुनावणी, दोंडाईचा, मिरचीच्या पथारींलगतचं मैदान.
वेळ सकाळी अकरा.
फेब्रुवारीतच पारा एकोणचाळीस,
तो नोंदवू नये असं तोंडी सांगण्यात आलं.

मी अव्वल कारकून. माझं काम ऐकणं नाही, लिहिणं.

मंडपात कूलर सहा.
सहाही मंचाकडे तोंड करून.
कंपनीतर्फे प्रत्येक उपस्थितास
कापडी पिशवी एक, तुळशीचं रोप एक,
दोन्ही प्लास्टिकात गुंडाळलेली.

श्री. निनाद साबडे, शाश्वतता प्रमुख,
यांनी फलकावरचा नकाशा समजावला.
हरित पट्टा त्यात निळा छापून आला होता,
छापखान्यातली पिवळी शाई संपल्यामुळे.
मागून कुणीतरी विचारलं, ही तापी का हो?
एवढी भरलेली कधी बघितली नाही.
हशा झाला. इतिवृत्तात घेतला नाही.

साबडे म्हणाले, राख मर्यादेत आहे.
मर्यादा कुणी ठरवली, असं विचारल्यावर
मर्यादेची व्याख्या वाचण्यात आली,
इंग्रजीतून, सतरा मिनिटं.
म्हणाले, पथारीवर अवकाळी गारा पडल्या
याचं आम्हालाही वाईट वाटतं,
पण हवामानबदल हा विषय जागतिक आहे.
चिमणी मात्र स्थानिक.
रोजगारही स्थानिक :
फाटकावर चार पहारेकरी, पैकी तीन बाहेरगावचे.

मग नाव पुकारलं.
सुपडाबाई दगा भोई, मिरचीचे देठ खुडते,
वय अंदाजे.
डोक्यावर गोणी.
शिपायानं अडवलं, यात काय?
म्हणाली, पुरावा.

कूलरांच्या मागे उभी राहून बोलली :
"दखा साहेब, लाल शे का राखोडी, तुम्हीच सांगा.
महिनाभर पथारीवर पडेल व्हती.
व्यापारी म्हनस, भाव नही.
तुम्ही म्हनतस, राख नही.
मंग मी रोज झाडस ते काय शे?"

अध्यक्ष म्हणाले, लेखी द्या.

सुपडाबाईला लिहिता येत नाही.
तिनं गोणी उलटी धरून झटकली.

कूलर, वर नमूद केल्याप्रमाणे,
मंचाकडे तोंड करून होते.

यापुढचं क्रमानं लिहिता येत नाही.
अध्यक्ष शिंकले, पुन्हा शिंकले,
तिसऱ्या शिंकेत माइक पडला.
साबडे रुमालात मर्यादा शोधत राहिले.
राख किती, मिरची किती,
हे कुणाच्याही नाकाला सांगता आलं नाही;
ते सांगणारी प्रयोगशाळा कंपनीच्या आवारात आहे.
समोर बसलेल्या बाया तेवढ्या गप्प होत्या,
पदर नाकाला, नेहमीसारखा.
त्यांची सुनावणी रोजच चालते,
सकाळी सातपासून, विनाकूलर.

मी लिहिलं : मंचावरील मान्यवर
शिंकले, खोकले, रडले.

मसुदा साहेबांकडून दुरुस्त होऊन आला :
'ग्रामस्थांचं प्रेम पाहून
मान्यवरांना अश्रू अनावर झाले.
सुनावणी भावपूर्ण वातावरणात पार पडली.
हरकती : निरंक.'

सही केली.
दोन मुलं शिकताहेत, सेवानिवृत्तीला चार वर्षं आहेत,
हे कारण म्हणून नाही, नोंद म्हणून.

फक्त एक केलं, किंवा केलं नाही.
पानांच्या घड्यांमध्ये जी भुकटी अडकली होती
ती झटकली नाही.
तशीच दोऱ्यानं बांधून फाइल वर पाठवली.

काल वरून विचारणा आली आहे :
सदर नस्ती उघडणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यास
ठसका का लागतो,
सात दिवसांत खुलासा करावा.

खुलासा लिहायला बसलोय.
मर्यादा म्हणजे नेमकं काय, ते बघावं म्हणून
टेबलावर बोटानं एक रेघ ओढली.

उमटली.