सतरा पावलं

चिठ्ठीत लिहिलेलं: वजनकाट्याकडे पाठ कर,
मग कडुनिंबाकडे सतरा पावलं.
माझी की लिहिणाऱ्याची?
इरण्णा म्हणाला, जुना माणूस असेल, ढांगा टाक.

बार्शीचं छोट्या गाडीचं स्टेशन.
भिंतींना नवा पिवळा, खिडकीला वार्निशचा वास,
रूळ तेवढे नाहीत.

बाकामागच्या सैल फरशीआड बिस्किटाचा डबा.
आत वही, शाईची गादी
आणि चपलेच्या टाचेतून कोरलेला शिक्का:
इंजिन, उलट तोंडाचं.

सातव्या पानावर थरथरतं अक्षर:
"दस्तगीर, पॉइंट्समन. डबा मीच ठेवलेला.
आज मलाच सापडेना.
रंगानं घोळ केला."

मी शिक्का दाबला, जरा जोरातच.
इंजिन सुलट झालं.
शाई ओली.
फुंकर नको मारूस, इरण्णा म्हणाला,
कुर्डुवाडीकडे निघालंय.