दहा सायकल

भोसरीत, टी ब्लॉकच्या टोकाला जी निळी शेड आहे
तिथलं चार नंबरचं मशीन माझं.
सीटखालची पट्टी, तिच्यावर ब्रॅकेट,
एका नगाला सहा ठिपके.
रात्री डोळे मिटले तरी पाय पेडल शोधतो.

उमाकांतला वाटतं, ताई तोंडापुढे काच धरून
ठिणग्यांत उभी असते.
नाही रे. इथे ना डाग, ना गॅस, ना सळई.
दोन पत्रे. वरून तांबं, खालून तांबं.

आधी दाब.
नुसता दाब, करंट नाही.
पत्र्यांना एकमेकांवर नीट टेकू द्यायचं,
घाई केली तर मधली फट भडकते
आणि वितळलेलं पोलाद थुंकतं
थेट हातमोज्यावर.

मग करंट. आठ हजार अँपिअर, दहा सायकल,
म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा.
शिंक यायला याहून जास्त वेळ लागतो.
तांबं त्याला वाट देतं, म्हणून निवांत.
पत्रा थोडा अडवतो, थोडा तापतो.
पण खरी अडवणूक
पत्रा पत्र्याला टेकलाय तिथे,
जिथे दोघं अजून नुसते शेजारी.
तिथेच लाल, तिथेच पाणी,
मसुराच्या दाण्याएवढं, आतल्या आत, कुणाला न दिसणारं.
करंट बंद. दाब तसाच.
थिजेपर्यंत सोडायचं नाही.

हे करडेंनी शिकवलं.
अरविंद करडे, सेटर, जन्म तांबट आळीतला,
डावा कान तिथेच राहिला,
बंबांवर पडणाऱ्या चुलत्यांच्या हातोड्यांत.
म्हणतात, "मठारकामाला आम्ही तांबं भट्टीत घालून मऊ करायचो.
इथे त्याच्या पोटातून पाणी फिरवायचं, मऊ पडू नये म्हणून.
उलटा धंदा."
आणि उजवा कान माझ्याकडे करून स्वतःच हसतात.

मागच्या बुधवारी, गुरुवारच्या सुट्टीआधी,
गाडी दारात उभी,
साडेचारच्या टेस्टला छिन्नी घातली
तर ठिपका सुटला
वाळक्या डिंकाच्या पाकिटासारखा.
खटावकर साहेब धावत आले. करंट वाढवा.
साडेआठ. नऊ. साडेनऊ.
ठिणग्या छताला, पत्र्याला खड्डे,
नग आतून कच्चाच.
कुणी म्हणालं शेजारच्या फोर्जिंगने व्होल्टेज ओढलं,
कुणी म्हणालं पत्रा तेलकट आलाय,
माझ्याकडे बघून कुणीच काही म्हणालं नाही,
तेही ऐकू आलं.

करडेंनी चहा तसाच ठेवला.
परतीच्या नळीला हात लावला: गार. ठीक.
खिशातून कार्बन पेपर काढला, घडी घातलेला,
पांढऱ्या कागदावर ठेवून दोन टोकांत धरला,
करंट बंद ठेवून नुसतं पेडल दाबलं.
काळा गोल उमटला. कॅलिपर लावला. नऊ मिलिमीटर.
हवा पाच.

"करंट कमी नव्हता, हेमलता.
हजार ठोक्यांनी टोक चेपलं, छत्रीसारखं फुललं,
तेवढाच करंट मोठ्या अंगणात पसरला.
कुठेच धड तापलं नाही."

मग कानस.
कानशीच्या आवाजात
त्यांचं बोट टोकाभोवती फिरत होतं,
भांड्याचा काठ बघतात तसं.
तांब्याचा भुगा त्यांनी फुंकला नाही,
तळहातावर घेऊन डब्यात टाकला.
पुन्हा कार्बन. टिकलीएवढा गोल.
करंट परत आठ.
"आता तू मार."

छिन्नी घातली. हातोडा. आणखी हातोडा.
जोड हलेना.
शेवटी पत्राच फाटला,
एकावर गाठ राहिली,
दुसऱ्याला आरपार भोक.
साहेबांनी वहीत सही केली, गाडी गेली,
चहावर साय धरली होती, करडेंनी ती बोटाने बाजूला केली.

तो तुकडा मी डब्यात घालून घरी आणला.
उमाकांतने भोकातून ट्यूबलाइट बघितली.
"हे तर फाटलंय की."

"हो," मी म्हटलं, "पास झालं."