बाविसावी ओळ

भोकरदन रस्त्याला, कॅनॉलच्या अलीकडं,
हिरव्या जाळीखाली आम्ही चौदा जणी
टोमॅटोची लग्नं लावतो.
दुपारी चिमट्यानं कळी उघडायची, आतले नर खुडायचे,
सकाळी बोटातल्या अंगठीत भुकटी भरून
एकेका फुलाला टेकवायची,
देठाला लाल दोरा.
ज्यांच्या बोटात कधी सोनं आलं नाही
त्यांच्या बोटात ही प्लास्टिकची अंगठी.

पहिल्या साली इंगोले सर होते.
त्यांच्याकडं शिट्टी होती, वही होती,
आणि "पोरी, हात चालव" एवढं एकच वाक्य.
हात चालले. हात काय, चालतातच.
पण सरांची पाठ वळली की
शमीमबी रिकाम्या फुलाला दोरा बांधायची.
सर दोरे मोजायचे ना!
फूल आठ दिवसांनी गळायचं,
तोवर वहीतला आकडा वाळलेला असायचा.

मग कंपनीनं फळा लावला.
सगळ्यात जास्त दोरेवालीला स्टीलचा डबा.
आठवडाभर आम्ही एकमेकींशी बोललो नाही.
अयोध्यानं माझी दोऱ्याची गुंडी पदराखाली दडवली,
मी तिच्या अंगठीतली भुकटी सांडली,
चुकून, असं सांगितलं.
डबा द्वारकाला मिळाला.
तिनं तो अजून वापरायला काढला नाही.

कोंडाबाई आली तेव्हा तिच्याकडं काहीच नव्हतं.
चष्म्याची एक काडी मोडलेली,
ती आमच्याच लाल दोऱ्यानं बांधलेली.
आल्या आल्या विचारलं,
"सगळ्यात वंगाळ ओळ कोणती गं?"
आम्ही बाविसावी दाखवली, पत्र्याकडची,
जिथं अकरालाच भट्टी पेटते.
"ती माझी," म्हणाली, आणि पदर खोचला.

खाली गळालेली दोरेवाली फुलं
तिनं संध्याकाळी ओंजळीत वेचली.
कोणाची, ते विचारलं नाही.
शमीमबीच्या शेजारी उकिडवी बसली,
"मलाबी आधी जमायचं न्हाई," म्हणाली,
आणि चिमटा कुठं धरायचा ते दाखवलं.
त्या हंगामात दोरे कमी भरले.
फळं मात्र इतकी धरली
की झाडांना सुतळीनं सावरावं लागलं.

यंदा कोंडाबाई लेकीकडं अंबडला गेली.
वही माझ्या हातात आली.

पहिल्याच दिवशी अयोध्या थांबली,
जाळीच्या भोकातून रस्त्याकडं बघत राहिली,
आणि माझ्या तोंडून
इंगोले सर बोलले.
तेच वाक्य. तोच सूर.
एवढी वर्षं कुठं बसले होते माझ्या गळ्यात?
शमीमबीनं कळीवरून मान वर केली,
मग परत खाली घातली.
नुसती शिट्टी राहिली होती.

मी वही पत्र्यावर ठेवली.
बाविसाव्या ओळीत शिरले.
वाटलं होतं, अयोध्या येईल, समोरची बाजू धरेल.
आली नाही.
का यावं तिनं?
दुपारी मीच तिच्याकडं तांब्या घेऊन गेले.
"कामून थांबलीस मघाशी?"
"पोराची शाळेची गाडी जाते त्या टायमाला," म्हणाली.
एवढंच होतं.

उद्यापासून त्या टायमाला
तिची ओळ रस्त्याकडची.
हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं, माहीत नाही.
कंबरेला फोन वाजतोय. कंपनी विचारणार,
किती झाले?
वाजू दे.
दोन्ही हात भुकटीनं भरलेत.